कॉलेजांचे पेपर तपासणाऱ्या शेवडे बहनजी

झाशीत शाळेतल्या बाईंना ‘बहनजी’ म्हणतात. पण शेवडे बहनजींना त्यांचा सख्खा धाकटा भाऊसुद्धा बहनजीच म्हणायचा. लहानपणी तो त्यांच्याकडे गणिताच्या शिकवणीला बसला होता, आणि एकदा त्यांच्याकडून गणित शिकलेला माणूस पुन्हा नात्यात परत जाऊ शकत नसे. शिकवणी संपली तरी वर्ग संपत नसे.

अंगाने काडी, उंची जेमतेम पावणेपाच फूट, नेसायला पांढरं सुती पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि अंबाड्यात खोचलेली लाल पेन्सिल. इतर बायका तिथे फूल खोचतात. मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, छत्तीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण पेन्सिल निवृत्त झाली नाही. लग्नपत्रिका आली की आधी त्या पेन्सिलीने तपासायची, मग लग्नाला जायचं की नाही ते ठरवायचं. माझ्या मुलाच्या, श्रीरंगाच्या पत्रिकेला दहापैकी साडेसात मिळाले होते. तेव्हा मला फार राग आला होता. आता कळतं, गावातल्या पत्रिकांमध्ये तो उच्चांक होता.

त्यांचा सगळा जीव एका शब्दात होता: “कशावरून?”

उत्तर बरोबर आलं की आम्ही मुली खूश व्हायचो. बहनजी वहीत डोकावून म्हणायच्या, “बरोबर आहे. कशावरून?” आणि मधल्या पायऱ्या लिहिलेल्या नसल्या की अर्धा गुण उडायचा. हाच नियम बाजारात. आमच्या गल्लीत भाजीची गाडी घेऊन येणारा हरप्रसाद त्यांना पाहिलं की मिशीतल्या मिशीत पुटपुटायला लागायचा.

“भिंडी ताज़ी है?”

“बहनजी, तुमाई सौं, आजई टोरी है।”

“सौं तो कल भी खाई थी। डंठल दिखाओ।”

तो बिचारा शपथ सोडून एकेक भेंडी उलटी करून देठ दाखवायचा. पण गंमत अशी की बहनजी गेल्या की तोच दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, “बहनजी की जाँची भिंडी है।”

आणि त्यांची चपलांची गोष्ट तर आमच्या मराठी मंडळात अजून सांगतात. झाशीतली आम्ही मराठी घरं म्हणजे दोनअडीचशे वर्षांपूर्वी कारभाराला आणि पूजापाठाला आलेल्यांची पिलावळ, वर कारखान्यात आणि रेल्वेत बदलीवर आलेली मंडळी. गणपतीत एक दिवस सगळ्यांचं जेवण. भात किती टाकायचा यावरून दरवर्षी भांडणं. एक वर्ष अर्धी पंगत उपाशी उठली आणि काम बहनजींकडे गेलं. त्या हॉलच्या दाराशी स्टूल टाकून बसल्या आणि चपला मोजू लागल्या. नुसत्या मोजल्या नाहीत, त्यांची वर्गवारी केली. जुन्या घराण्यांतले आजोबालोक देवाला अनवाणी येतात, त्यांचे सात वाढवायचे. उंच टाचांची सँडल म्हणजे अर्धं पान, ती सून डाएटवर असते. बबीन्याच्या छावणीतून येणाऱ्या मराठी फौजींचा बूट दिसला की दीड पान धरायचं. त्या वर्षापासून भात कधी कमी पडला नाही, कधी उरला नाही. एकदा मधेच चोराने नऊ जोड पळवले. सगळे हळहळत होते, बहनजी मात्र पातेल्यात डोकावून म्हणाल्या, “जेवून गेलाय. भात जुळतो.”

अशा बाईंची मी लाडकी विद्यार्थिनी होते, हे सांगताना मला लाज वाटते. लाडकी असल्याची नव्हे. त्या लाडाचं मी जे केलं त्याची.

सतरा वर्षांची कुसुम म्हणजे काय ध्यान होतं! कमरेपर्यंत वेणी, गणितात शंभरातले अठ्ठ्याण्णव, आणि उरलेल्या दोन गुणांत मावेल एवढीच अक्कल. बहनजींना वाटत होतं मी लखनौला जाऊन गणितात बीएस्सी करावं. फॉर्म त्यांनी स्वतः आणला. मी तो परत केला. कारण मी कॉलेज निवडलेलं होतं. कशावरून? फोटोवरून! गृहविज्ञानाच्या एका कॉलेजच्या माहितीपुस्तकात मुखपृष्ठावर गुलमोहराखाली चार मुली हसत होत्या. त्यातल्या एकीचा बॉबकट होता आणि हातात बॅडमिंटनची रॅकेट होती. मी ठरवलं, ही मी. वडील तर आनंदाने फुललेच. मुलगी आपण होऊन मुरंबे शिकायला निघालीय, याहून सुशील काय असतं?

कॉलेजात गेले तर गुलमोहर नाही. रॅकेट नाही. बॉबकट करायला आईने परवानगी दिली नाही. तो फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी गावचा होता म्हणे. तीन वर्षांत मी चाळीस प्रकारचे जॅम आणि मुरंबे शिकले. सासरी आले तर घरात कोणी गोड खात नाही. सासऱ्यांना मधुमेह, नवऱ्याला नावड. शंभरातले अठ्ठ्याण्णव मी बरणीत भरून फडताळात ठेवले.

एवढी पार्श्वभूमी सांगायचं कारण आमची मुक्ता, श्रीरंगाची मुलगी. गेल्या वर्षी बारावी झाली. तिला शिकायचं होतं संगणकीय विज्ञान. हळदीकुंकवाला बायका मला विचारायच्या, “म्हणजे कंप्यूटरच ना?” मी म्हणायचे, “हो, पण त्याहून महाग.” खरं तर मलाच कळलं नव्हतं. मग मुक्तानेच एकदा मला लक्ष्मी तालाच्या काठावर नेऊन समजावलं. तलावभर जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, माजली होती. ती म्हणाली, “आजी, ये देख. केमिस्ट्रीवाला हे पाणी बाटलीत भरून नेणार. बायोलॉजीवाला पान कापणार. मी घरी बसून हिशोब करणार की ही जलकुंभी किती दिवसांत पूरा तालाब खाईल, और कहाँ से काटें तो रुकेगी. सायन्सचा सवाल, मॅथ्सचा रस्ता, कंप्यूटरची मेहनत.” आमच्या मुलांची मराठी ही अशी. समजतं सगळं, बोलताना गाडी हिंदीच्या रुळावर जाते.

तिला तीन ठिकाणी जागा मिळत होती. एक दिल्लीजवळचं चकचकीत खासगी कॉलेज. हे श्रीरंगाला पसंत. एक पुण्याचं, हे मला पसंत. आणि तिसरं म्हैसूरचं, छोटंसं, ज्याचं नाव आमच्यापैकी कोणी ऐकलं नव्हतं. ते कोणालाच पसंत नव्हतं आणि मुक्ता काही बोलत नव्हती.

मला पुणं का? आता खरं सांगते. आमच्या घराण्यातलं कोणी दोनशे वर्षांत पुण्याला राहिलेलं नाही, पण आम्ही झाशीकर पुण्याबद्दल अशा थाटात बोलतो जणू परवाच कुलूप लावून आलोय. मुक्ता तिथे गेली की लोक म्हणतील, अरे, ही तर आपलीच! मी तर कोणालाही न सांगता त्या कॉलेजच्या ऑफिसात फोन लावला. आईकडून आलेली घरंदाज मराठी घासूनपुसून काढली: “नमस्कार, झाशीहून बोलत्ये. आमची नात आपल्याकडे विद्यार्जनास येऊ इच्छिते, तरी वसतिगृहाची काय तजवीज आहे?”

पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, “मॅडम, आप हिंदी में बोलिए ना. मुझे हिंदी आता है.”

मी फोन ठेवला. इथे माझा पुण्याचा हट्ट सुटला असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही मला ओळखत नाही. हट्ट वाढला.

शेवटी सगळ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं: शेवडे बहनजींना विचारू. त्यांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती. कानाने जवळजवळ काही ऐकू येत नसे, समोरच्याच्या ओठांवरून समजून घ्यायच्या. लक्ष्मी तालाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भावाच्या घराच्या खालच्या खोलीत राहायच्या. एका रविवारी श्रीरंग, मी आणि मुक्ता गेलो. श्रीरंगाने दिल्लीकडच्या कॉलेजचं गुळगुळीत पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते न उघडता त्यावर पाण्याचा पेला ठेवला.

“मागच्या तीन वर्षांचे परीक्षेचे पेपर आण,” त्या मुक्ताला म्हणाल्या. “तिन्ही कॉलेजांचे. कॉलेज काय शिकवतं ते पुस्तकात लिहितात. काय शिकवलं ते पेपरात सापडतं.”

मुक्ताने कुठून कुठून, कोणाकोणाला मेसेज करून पेपर मिळवले आणि छापून आणले. पुढच्या रविवारी बहनजींनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. एरवी मुलं पेपर लिहितात आणि बाई तपासतात. इथे कॉलेजांनी लिहिलेले पेपर बहनजी तपासत होत्या, समासात शेरे मारत होत्या, आणि माझा चाळिशी पार केलेला इंजिनीयर मुलगा निकालाच्या दिवशी बसतात तसा खुर्चीच्या टोकावर बसला होता.

दिल्लीकडचं कॉलेज आधी. बहनजींनी तिन्ही वर्षांचे कागद एकमेकांशेजारी ठेवले.

“श्रीरंग, यात फरक शोध.”

त्याने बराच वेळ शोधला. “नाही सापडत, बहनजी.”

“नाहीच आहे. तिन्ही वर्षं एकच पेपर. चौथ्या प्रश्नात छपाईची चूक आहे, तीही तीन वर्षं तीच. मुलांनी विचारलं नाही, बाईंनी पाहिलं नाही. दहापैकी दोन.”

“दोन कशाचे?” मी ओरडून विचारलं, त्यांना ऐकू जावं म्हणून.

“कागद चांगला आहे.”

“पण बहनजी, स्विमिंग पूल आहे हो तिथे,” श्रीरंग केविलवाण्या आवाजात म्हणाला.

“पोहायला आपला ताल आहे की. जलकुंभी तेवढी काढा.”

पुण्याला सात मिळाले. मी मान ताठ केली. दरवर्षी नवे प्रश्न, नेटके, कठीण. “तीन का कापले?” मी विचारलं. “सगळं येतं यांना, आणि ते येतं हे फार दाखवतात,” त्या म्हणाल्या.

मग म्हैसूर. तो पेपर वाचताना त्यांची पेन्सिल थांबली. एका प्रश्नावर बोट ठेवून त्यांनी मुक्ताला जवळ बोलावलं. प्रश्न साधाच होता: एका तलावाच्या पाण्याचा हिशोब करणारा प्रोग्राम तुम्ही लिहिला आहे. त्याने दिलेलं उत्तर चूक असेल, तर ते तुम्हाला कसं कळेल?

“आहे ना बाई,” बहनजी म्हणाल्या. “कोणीतरी तिथे विचारणारं आहे.” आणि नऊ गुण लिहिले. एक कापला, कारण आकृती वेडीवाकडी होती.

मुक्ताचा चेहरा असा उजळला की श्रीरंगाने घरी येताच ते गुळगुळीत पुस्तक रद्दीत टाकलं. राहिले मी.

आता ऐका माझा पराक्रम. म्हैसूरची जागा एका बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत पक्की करायची होती, नाहीतर ती पुढच्या मुलीला जाणार. पुण्याला अजून आठवडा होता. मुलगा-सून नोकरीवर, म्हणून सगळ्या फॉर्मवर फोन नंबर माझा दिलेला. घरात दिवसभर फोन उचलणारी मीच. म्हणजे मुक्ताने तिकडे बटण दाबलं की सहा आकड्यांचा ओटीपी येणार माझ्या फोनवर. सत्तर वर्षांच्या बाईच्या हाती इतकी सत्ता द्यायची नसते.

मुक्ताला बटण बहनजींसमोर दाबायचं होतं. चार वाजता आम्ही दोघी तिथे पोहोचलो. तिने लॅपटॉप उघडला, बटण दाबलं. “आजी, ओटीपी आया?”

माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये फोन थरथरला. आवाज मी घरूनच बंद करून आले होते.

“नाही गं. इथे नेटवर्क कुठे असतं?”

दहा मिनिटांनी तिने पुन्हा दाबलं. पुन्हा पर्स थरथरली. “अजून नाही आला,” मी म्हटलं, आणि चेहरा असा केला की गृहविज्ञानाच्या नाटकात मला बक्षीस मिळालं असतं.

मुक्ताचं तोंड एवढंसं झालं. बहनजींनी तिला खुणेने चहा करायला आत पाठवलं. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचे कान गेले होते. डोळे कुठे गेले होते?

“कुसुम, पर्स थरथरतेय.”

“कंपनीवाले असतात, बहनजी. कर्ज घ्या म्हणतात.”

“दोनदा? पोरीने बटण दाबल्या दाबल्या?”

मी पर्स दोन्ही हातांनी दाबून धरली.

“मी पण एकदा असंच दाबून ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुझं पत्र.”

“माझं कसलं पत्र?”

“लखनौचं. तू फॉर्म परत दिलास, मी तो भरला. सही तुझी काढली. फार सोपी होती तुझी सही. शाळेचा पत्ता दिला होता. जागा मिळाली तुला. पत्र आलं.”

मला वाटलं मी बहिरी झाले.

“तुझे वडील शाळेच्या समितीवर. त्यांना वास लागला. येऊन म्हणाले, देऊ नका, मुलीच्याच मनात नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती.” त्या पातळाचा काठ बोटाने सरळ करत होत्या. “तुझ्या मनात नाही, कशावरून, एवढं विचारायचं होतं. नाही विचारलं. आठ दिवस पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं, मुदत संपली. वर्गापुरतं होतं ते मग जन्मभर सगळ्यांना विचारत सुटले. भाजीवाल्यालासुद्धा.”

चाळीस प्रकारचे मुरंबे एका रांगेत माझ्या डोळ्यांपुढून गेले. पत्र हातात पडलं असतं तर मी गेले असते का? त्या रॅकेटवाल्या मुलीचा काय भरवसा! कदाचित फाडूनही टाकलं असतं. पण फाडायला तरी मिळायला हवं होतं.

“इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?”

“लाज वाटली,” बहनजी म्हणाल्या. मोठ्याने. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. आत कपबशा वाजायच्या थांबल्या.

मुक्ता चहा घेऊन आली तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. मी पर्समधून फोन काढला, टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “दाब पुन्हा.”

ओटीपी आला. मी चष्मा लावला आणि ठणठणीत आवाजात वाचला, “एकोणऐंशी, चौऱ्याण्णव, सदुसष्ट!”

“क्या? आजी, हिंदी में बोलो ना!”

“उन्यासी, चौरानबे, सड़सठ!”

“उन्यासी मतलब?” पोरगी रडकुंडीला आली. गणितात जिला पैकीच्या पैकी, तिला एकोणऐंशी कोणत्याच भाषेत येत नव्हतं! आणि मी हिला पुण्याला धाडून ‘आपलीच’ म्हणवून घेणार होते.

“एकेक आकडा सुटा सांग गं, वेडे!” बहनजी ओरडल्या. त्यांना नेमकं तेवढं ऐकू आलं होतं.

शेवटी इंग्रजीत एकेक आकडा सांगितला. जागा पक्की झाली. मुक्ता बहनजींच्या पाया पडली, मग माझ्या. मी आशीर्वाद दिला, पण चहा न पिता उठले.

त्यानंतर मी बहनजींकडे गेले नाही.

ऑगस्टात मुक्ता निघाली. श्रीरंग आणि सून तिला पोचवायला बरोबर जाणार होते. मी स्टेशनवर निरोप द्यायला. बंगळूरची गाडी लागली आणि जिन्याच्या पायथ्याशी पाहते तो शेवडे बहनजी, एकट्या, कठडा धरून. त्यांनी मुक्ताच्या हातात एक पुडी दिली, शेंगदाणे असावेत, आणि सांगितलं, “तिथल्या बाईंना सांग, आकृती पट्टीने काढा.” गाडी हलली. पोरीचा हात बराच वेळ दिसत राहिला. मग फलाटावर आम्ही दोघीच.

“रागावलीस?”

“हो.”

“किती?”

“भरपूर!” मी त्यांच्या कानाशी ओरडले. एका हमालाने दचकून पाहिलं.

“मग पुरवून पुरवून वापर,” त्या म्हणाल्या. “माझं फार उरलं नाही.”

मी त्यांचा सल्ला तंतोतंत पाळला. दिवाळीचा फराळ पाठवला, तो सुनेच्या हाती. डबा परत आला, त्यात लाल पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: ‘चकली मऊ. दहापैकी सहा.’ मी ठरवलं, संक्रांतीला तिळगूळ घेऊन जायचं आणि तिथेच बसून कडाकडा भांडायचं. मनात मुद्दे तयार होते. संक्रांतीला आठ दिवस असताना त्या झोपेतच गेल्या. भावाने फोन केला, म्हणाला, “बहनजी गेल्या.” ताई म्हणाला नाही.

म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी, स्टेशनच्या बाहेर. मी रागातच त्यांना ई-रिक्शात बसवलं होतं. मागची जागा भरलेली, म्हणून त्या ड्रायव्हरच्या पाठीला पाठ लावून बसल्या, तोंड मागे. रिक्शा सुटली की वळून चालू लागायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण त्या जागेवरचा माणूस जाताना पाठ दाखवतच नाही. तो आपल्याकडे बघत बघतच लांब जातो. समोरच्या दोन बायकांच्या डोक्यांमधून तो एवढासा चेहरा माझ्याकडे रोखून बघत होता आणि लहान होत होता. मी उभीच राहिले. चौकात रिक्शा वळायच्या आधी त्यांनी हात वर केला.

मी पण केला. रागातच.